टेबल मांडा, पण कोणासाठी?

वेब टेक्नॉलॉजीचं पहिलं प्रॅक्टिकल आठवा. इंजिनिअरिंगचं कॉलेज कुठलंही असो, असाइनमेंट बहुधा एकच असते – ‘एचटीएमएल वापरून आपल्या वर्गाचं टाइमटेबल तयार करा.’ मग काय, लॅबमध्ये एकच धमाल! सोमवार ते शनिवार आडव्या ओळी, तासांचे उभे रकाने, प्रॅक्टिकलचे दोन तास कोलस्पॅनने जोडायचे, आणि मधल्या सुट्टीचा रकाना रोस्पॅनने वरपासून खालपर्यंत एक करून त्यात आर-ई-सी-ई-एस-एस अशी अक्षरं एकाखाली एक लटकवायची. बॉर्डर जाड, हेडिंग पिवळं, बॅकग्राउंड आकाशी. सर येतात, स्क्रीनकडे बघतात, जर्नलवर सही करतात. झालं टेबल!

माझं म्हणणं असं आहे की हे टेबल झालंच नाही. हे टेबलाचं चित्र झालं. आणि या दोन गोष्टींत जो फरक आहे तो आपल्याला इंजिनिअर होण्याआधी कोणीतरी सांगायला हवा. म्हणून हा लेख. (‘कॉन्व्हेंटवाली मराठीत लिहिणार?’ असं आमच्या ग्रुपमध्ये हसून झालेलं आहे. असो. शब्द अडला की इंग्रजी वापरीन, संपादक मंडळ सांभाळून घेईल!)

आधी टेबल म्हणजे काय ते बघू. कागदावर नुसता ‘७२’ लिहिला तर त्याला काहीच अर्थ नाही. ते वय असेल, वजन असेल, नाहीतर बसचा नंबर. पण तोच ७२ एका मुलाच्या नावासमोर आणि ‘गणित’ या शब्दाखाली आला की एकदम बोलायला लागतो. म्हणजे टेबलातल्या प्रत्येक चौकटीला दोन पत्ते असतात, एक ओळीचा आणि एक रकान्याचा. दोन्ही पत्ते कळले तरच आकडा कळतो. रेघा, रंग, बॉर्डर हे सगळं त्या पत्त्यापर्यंत डोळ्यांना पोचवण्यासाठी असतं. शाळेत आम्हाला सिस्टर सायन्सच्या वहीत ऑब्झर्व्हेशन टेबल काढायला लावायच्या. पेन्सिल टोकदार हवी, रेघ फूटपट्टीनेच हवी, नाहीतर अर्धा मार्क गेला. शिस्त लागली, हे खरं. पण त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात एक समजूत घट्ट बसली की टेबल म्हणजे रेघा.

माझे आजोबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवर भिंतीवर तो मोठा फलक असतो ना – गाडी कुठे जाणार, कोणत्या मार्गे, किती वाजता – तेही एक टेबलच. पण आजोबांचं खरं काम त्या फलकाच्या बाजूला, खिडकीतल्या माईकवर होतं. गाडी कुठली, ती जाणार कुठे, मार्गे कुठून, आणि कितव्या फलाटाला लागली आहे, हे ते याच क्रमाने पुकारायचे. ‘मार्गे’ आणि ‘फलाट क्रमांक’ हे शब्द ते दर वेळी उच्चारायचे. नुसतं ‘सातारा, कऱ्हाड, चार’ असं म्हणून चाललं नसतं. ज्या म्हातारीला फलक वाचता येत नव्हता तिला सुद्धा गाडी मिळायची, कारण टेबलाची ओळ तिच्या कानापर्यंत मथळ्यांसकट पोचत होती. मला वाटतं, टेबल असंच मांडायला हवं. कोणीतरी ते मोठ्याने वाचलं तर समोरच्याला गाडी पकडता आली पाहिजे.

आता वेबपेजवर हे मोठ्याने वाचणारं कोण असतं? स्क्रीन रीडर. दृष्टिहीन माणसं कॉम्प्युटर आणि मोबाइल वापरतात ते या सॉफ्टवेअरच्या मदतीने. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर तर फुकट आणि ओपन सोर्स आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये तो लिहायला घेतला. टेबलात कंट्रोल, आल्ट आणि बाणाची बटणं दाबत एकेका चौकटीत फिरता येतं, आणि रकाना बदलला की त्या रकान्याचं नाव, ओळ बदलली की त्या ओळीचं नाव ऐकू येतं. म्हणजे आजोबांचंच काम! पण एक अट आहे. कुठली चौकट मथळ्याची आणि कुठली माहितीची, हे आपण कोडमध्ये सांगितलेलं असलं पाहिजे. माहितीच्या चौकटीसाठी टी-डी आणि मथळ्याच्या चौकटीसाठी टी-एच. त्यात स्कोप लिहून हा मथळा खालच्या रकान्याचा आहे की शेजारच्या ओळीचा ते सांगायचं. आणि कॅप्शन लिहून सगळ्या टेबलाला नाव द्यायचं. बस्स, एवढंच. टी-डीमध्येच अक्षरं ठळक करून, पिवळा रंग देऊन ‘हेडिंग’ केलं तर डोळ्यांना ते हेडिंग दिसतं, मशीनला मात्र तीही इतरांसारखीच एक चौकट वाटते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. माझ्या मामाची मुलगी – माझी ताई – तिला दिसत नाही. बी.ए. झाली आहे आणि नोकरीच्या परीक्षा देते. एका परीक्षेचा निकाल वेबसाइटवर लागला होता. कुठल्या परीक्षेचा ते सोडा. लांबलचक टेबल, मथळे नुसते ठळक केलेले, जिल्ह्याची नावं रोस्पॅनने पंधरा-पंधरा ओळींना मिळून एकदाच लिहिलेली. ताईचा स्क्रीन रीडर वाचत होता – ‘एकेचाळीस, अडतीस, सदतीस, एकशे सोळा, नाही’. यातला एकेचाळीस कोणत्या विषयाचा? आणि ‘नाही’ म्हणजे काय नाही – निवड नाही, की आरक्षण लागू नाही? शेवटी शेजारचा आठवीतला मुलगा आला आणि त्याने सांगितलं, ‘ताई, तुमचं नाही झालं.’ ताई त्या निकालाने रडली नाही. ती मला एवढंच म्हणाली, ‘माझा निकाल सगळ्यांत आधी मला कळायला नको का गं?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण इथे ना पैशाचा प्रश्न होता, ना सर्व्हरचा, ना कुठल्या मोठ्या संशोधनाचा. पाच-सहा मथळ्यांना टी-डीऐवजी टी-एच लिहायचं होतं आणि जिल्ह्याचं नाव प्रत्येक ओळीत पुन्हा द्यायचं होतं. कोड लिहिणारा आपल्यासारखाच कोणीतरी इंजिनिअर असणार. त्याच्याही कॉलेजात टाइमटेबलचं प्रॅक्टिकल झालंच असेल!

मग हे बिघडलं कसं? याची गोष्ट गमतीची आहे. वेबवर टेबल आलं १९९५ मध्ये, नेटस्केपच्या १.१ आवृत्तीत. मे १९९६ मध्ये डेव्ह रॅगेट यांचा टेबलांवरचा मसुदा ‘आरएफसी १९४२’ म्हणून प्रसिद्ध झाला आणि जानेवारी १९९७ च्या एचटीएमएल ३.२ मध्ये टेबलाला अधिकृत जागा मिळाली. पण तोवर लोकांच्या लक्षात आलं होतं की पानावर दोन गोष्टी शेजारी-शेजारी मांडायला टेबल फार सोयीचं आहे. डावीकडे मेनू, उजवीकडे मजकूर, वर लोगो – सगळं बॉर्डर शून्य केलेल्या टेबलात! डेव्हिड सीगल यांच्या १९९६ च्या पुस्तकाने ही युक्ती जगभर पसरवली. जागा सोडण्यासाठी एक पिक्सेलचं पारदर्शक चित्र ताणून वापरायचं, टेबलात टेबल, त्याच्या पोटात आणखी टेबल. गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी सीगल यांनी जाहीर लेख लिहून वेब बिघडवल्याचा दोष स्वतःकडे घेतला. डिसेंबर १९९७ च्या एचटीएमएल ४.० मध्येही स्पष्ट सांगितलं गेलं की नुसत्या मांडणीसाठी टेबल वापरू नका. पण सीएसएस नीट समजणारे ब्राउझर यायला वेळ लागला, आणि तोवर सगळ्यांचा हात त्या टेबलावर बसला होता.

मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. टेबल म्हणजे जुनाट, टेबल म्हणजे अडाणीपणा, अशी हवा झाली. मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्स, क्रोम आणि सफारी या तिघांतही सीएसएस ग्रिड आलं. पानाची मांडणी करायला उत्तम साधन हाताशी आलं. हे चांगलंच झालं. पण काही लोकांनी खरोखरच्या माहितीचं टेबलही डिव्ह वापरून बनवायला सुरुवात केली. दिसायला अगदी सुबक, ओळी सरळ, रकाने सरळ. पण डिव्हला ओळही कळत नाही आणि रकानाही कळत नाही. म्हणजे आधी जिथे टेबल नको होतं तिथे घातलं, आणि आता जिथे हवं तिथून काढून टाकलं! दोन्ही चुकांचं मूळ एकच – टेबलाकडे फक्त दिसण्याची गोष्ट म्हणून बघणं.

कोणी म्हणेल, ‘ठीक आहे, पण आपल्या साइटवर दृष्टिहीन वाचक असे किती येणार?’ मला हा प्रश्नच आवडत नाही, तरी उत्तर देते. एक तर दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ पासून आहे, सरकारी वेबसाइटसाठी मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत, आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आहे. म्हणजे हे कोणावर उपकार करणं नव्हे. आणि दुसरं, जे टेबल ताईसाठी चांगलं असतं ते तुमच्या-माझ्यासाठीही चांगलंच असतं. कसं ते आपलं टाइमटेबल घेऊनच बघू.

समजा वार आणि सहा तास मिळून सात रकाने. पुष्कळ मोबाइलवर ब्राउझरला रुंदी मिळते सुमारे ३६० पिक्सेल. ३६० भागिले ७, म्हणजे जेमतेम ५१. दोन्ही बाजूंना आठ-आठ पिक्सेलचं पॅडिंग सोडलं तर उरले ३५. सोळा पिक्सेलच्या अक्षरांत तिथे ‘मायक्रोप्रोसेसर’ कसा बसायचा? ब्राउझर आधी प्रत्येक रकान्यातला न तुटणारा सगळ्यांत लांब शब्द मोजतो आणि त्याहून तो रकाना अरुंद करत नाही. त्यामुळे टेबल स्क्रीनच्या बाहेर जातं. मग आपण बोटाने सरकवत ‘एम-३’ पर्यंत पोचतो तोवर आपण मंगळवारच्या ओळीत होतो की बुधवारच्या, ते विसरलेलो असतो. बघा, डोळे शाबूत असून पत्ता हरवलाच ना!

याला उपाय आहेत. टेबलाला एका डिव्हमध्ये ठेवून त्या डिव्हला आडवं स्क्रोल द्या, म्हणजे अख्खं पान हलणार नाही. वाराचा पहिला रकाना पोझिशन स्टिकीने जागेवर धरून ठेवा. पण त्याहून चांगला उपाय आपल्याला डीबीएमएसच्या पेपरात शिकवलेला आहे. ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल मांडलं, त्यातून आलेल्या फर्स्ट नॉर्मल फॉर्मचा साधा अर्थ असा की एका चौकटीत एकच गोष्ट. आपल्या टाइमटेबलात एका चौकटीत तीन बॅच, तीन लॅब आणि तीन सरांची आद्याक्षरं कोंबलेली असतात! त्याऐवजी वार, वेळ, विषय, बॅच, खोली असे पाच रकाने करा आणि प्रत्येक तासाला एक ओळ द्या. टेबल लांब होईल, पण बोटाला खाली सरकायची सवय असतेच. त्यात शोधता येतं, बॅचप्रमाणे गाळता येतं, आणि कोलस्पॅन-रोस्पॅनची गरजच उरत नाही. एकाखाली एक लटकलेली रिसेसची अक्षरंही सुटतील बिचारी. (स्क्रीन रीडर त्यांना ‘आर, ई, सी’ असं एकेक करून वाचू शकतो, हे ऐकून ताई पोट धरून हसली होती.)

आता आकड्यांची गोष्ट. आपल्याला सगळं मधोमध आणायची भारी हौस! पण ९८,५०० आणि १,०५,००० हे दोन फीचे आकडे एकाखाली एक मधोमध ठेवून बघा. एककाखाली एकक येत नाही, आणि मोठा आकडा कोणता ते दर वेळी वाचून ठरवावं लागतं. तेच उजवीकडे लावा, म्हणजे लाखाचा आकडा आपोआप डावीकडे बाहेर येतो आणि नुसत्या नजरेने कळतो. किराणा दुकानदाराची वही बघा, आकडे उजवीकडेच लागलेले असतात. त्याला सीएसएस येत नाही, बेरीज येते! तेव्हा आकडे उजवीकडे, शब्द डावीकडे. दशांशस्थळं सगळ्या रकान्यात सारखी. ‘रुपये’ किंवा ‘मीटर’ प्रत्येक चौकटीत न लिहिता मथळ्यात एकदाच. मराठी आणि इंग्रजी आकडे एकाच रकान्यात मिसळू नका, नाहीतर पानात शोधताना अर्धे सापडतील आणि अर्धे नाही. आणि देवनागरी असेल तर ओळींमध्ये थोडी जास्त जागा सोडा. आपल्या लिपीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, इंग्रजीच्या मापाने ओळी चिकटवल्या की सगळं एकमेकांत घुसतं.

रेघांबद्दलही सांगते. एडवर्ड टफ्टी यांनी १९८३ च्या त्यांच्या पुस्तकात एक साधा विचार मांडला – छापलेल्या शाईतली जास्तीत जास्त शाई माहितीच्या कामी यावी. चहूबाजूंनी जाड बॉर्डर दिली की टेबल तुरुंगाच्या खिडकीसारखं दिसतं. नजर आकड्यांऐवजी गजांवरच अडते. मथळ्याखाली एक रेघ, ओळींमध्ये फिकट रेघ, उभ्या रेघा जवळजवळ नकोतच. रकान्यांमध्ये पुरेशी जागा सोडली की ती जागाच रेघेचं काम करते.

‘पण पीडीएफ टाकली आहे ना!’ हे आणखी एक नेहमीचं उत्तर. छापील कागद स्कॅन करून पीडीएफ केली तर तो फोटोच राहतो. त्यात ना अक्षरं असतात, ना आकडे. ताईला तिथे कोरं पान ऐकू येतं, आणि आपल्याला स्वतःचा सीट नंबर शोधायला दोन बोटांनी झूम करत बसावं लागतं. आणि हल्लीचं सगळ्यांत नवं उत्तर – ‘एआयला सांग, टेबल दोन सेकंदांत मिळेल.’ मिळेल की! पण पहिला रकाना ओळीचा मथळा आहे का, ‘नाही’ म्हणजे काय नाही, मोबाइलवर कोणते रकाने आधी दिसले पाहिजेत, हे त्या टेबलाच्या वाचकाला ओळखणाऱ्या माणसालाच ठरवावं लागतं. टूल कुठलंही असो, ‘हे कोणासाठी?’ हा प्रश्न आपल्यालाच विचारावा लागतो.

तर माझी दोन मागणं आहेत. पहिलं शिक्षकांकडे. सर, मॅडम, टाइमटेबलचं प्रॅक्टिकल बंद करू नका, उलट त्याला आणखी एक पायरी जोडा. सही करण्याआधी स्क्रीन बंद करून एनव्हीडीए चालू करा आणि विचारा, ‘गुरुवारी अकरा वाजता कोणती लॅब?’ ऐकून उत्तर देता आलं तर सही.

दुसरं आपल्या सगळ्यांकडे. फेस्टची साइट, डिपार्टमेंटचं पान, स्पर्धांचे निकाल, ही कामं आपणच करतो. पुढे यातलेच कोणी परीक्षांच्या, बँकांच्या, हॉस्पिटलच्या साइट लिहितील. टेबल लिहून झालं की मित्राला फोन लावा आणि त्यातली कुठलीही एक ओळ त्याला वाचून दाखवा. त्याला न बघता कळली तर तुमचं टेबल जमलं. नाही कळली तर टी-एच शोधा, कॅप्शन लिहा, जोडलेल्या चौकटी सोडवा. दहा मिनिटांचं काम आहे हो. त्या दहा मिनिटांमुळे कोणाला तरी आपला निकाल सगळ्यांच्या आधी, स्वतःच्या कानांनी ऐकता येईल. बघा पटतंय का!